उल्हासच्या खोऱ्यातली दगडी वाट

सह्याद्रीच्या कड्याखाली, उल्हास नदीच्या खोऱ्यात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या व्यापारी मार्गाचे अवशेष आजही जागेवर आहेत. खाडीच्या टोकाशी कल्याणचे बंदर, नदीच्या उगमाकडे कोंडाणे लेणी, बोरघाट चढून गेल्यावर कार्ले आणि भाजे, मुरबाडच्या बाजूला नाणेघाट आणि त्यापलीकडे जुन्नर, अशी ही स्थळे आहेत. त्यांत हजारेक वर्षांनी भर पडली ती अंबरनाथच्या शिवमंदिराची. एरवी ही ठिकाणे वेगवेगळ्या सहलींत पाहिली जातात. लेणी बघणारे लेण्यांना जातात, गिर्यारोहक घाटवाटा चढतात आणि भाविक मंदिरात येतात. बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत ती एकाच वाटेवरचे मुक्काम म्हणून पाहिली, तर एका ठिकाणी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या ठिकाणी मिळते.

ही वाट पाहायला निघण्यासाठी सोयीचे असलेले बदलापूरचे सोनिवली गाव याच खोऱ्यात येते. कुळगाव-बदलापूर शहर वाढत गेले आणि गावाभोवतीच्या भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण भोवतालची डोंगररांग तीच आहे. बदलापूरहून अंबरनाथ लोकलने दहा मिनिटांवर आहे. त्याच मार्गावर एका बाजूला कल्याण आणि दुसऱ्या बाजूला कर्जत आहे. त्यामुळे या प्राचीन मार्गाचे बहुतेक टप्पे इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखे आहेत.

खोरे आणि घाट

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत, नेरळ आणि बदलापूरवरून वाहत कल्याणजवळ खाडीला मिळते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. बारवी, काळू आणि भातसा या तिला मिळणाऱ्या प्रमुख नद्या. बंदरातून देशावर जाणाऱ्या मालाला या नद्यांची खोरी हाच सोयीचा रस्ता होता, कारण कड्याच्या अगदी पायथ्यापर्यंत फारसा चढ लागत नाही.

अडचण सुरू होते ती कड्यापाशी. सह्याद्रीचा पश्चिम उतार बेसाल्ट खडकाच्या एकावर एक थरांनी बनला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून लाव्हाचे प्रवाह वाहिले आणि थरावर थर साचत गेले. कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्या माच्या झाल्या. अशा भिंतीवरून माल न्यायचा तर नैसर्गिक खिंड शोधावी लागे आणि ती फोडून, फरसबंदी करून वापरात आणावी लागे. उल्हासच्या खोऱ्यातून बोरघाटाकडे आणि काळूच्या खोऱ्यातून नाणेघाटाकडे जाणाऱ्या दोन वाटा अशा तयार झाल्या. इंग्रजी अमदानीत रेल्वे आली तीही याच खोऱ्यातून. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून वर गेली.

कल्याण: वाटेचे पहिले टोक

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्द्याने लाल समुद्र आणि हिंदी महासागरातील बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरे येतात. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होते, पण सत्ता बदलल्यावर तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठवली जात, अशी नोंद त्यात आहे. घाटमाथ्यावरून कोणता माल येई हेही पुस्तक सांगते. पैठणहून अकीकासारखे खडे येत आणि तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून सुती कापड येई.

बंदरासाठी झगडा होता तो सातवाहन आणि क्षत्रप या दोन राजघराण्यांत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. घाट आणि बंदर ज्याच्या हाती त्याच्याकडे जकात आणि त्याचेच नाणे चलनात, हा हिशेब या साठ्यातून उघड दिसतो.

आजच्या कल्याणात त्या काळची इमारत उभी नाही. पण मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत आणि सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने पश्चिम किनाऱ्याच्या मोठ्या बंदरांत कल्याणची गणना केली आहे. वाटेचे पहिले टोक म्हणून कल्याणला जायचे ते खाडीच्या काठावर. आत शिरलेली भरतीची खाडी आणि पलीकडे दिसणारी डोंगररांग एका नजरेत घेतली की बंदर नेमके इथेच का झाले ते कळते. गलबतातला माल उतरवून बैलांच्या पाठीवर चढवण्याची ही जागा होती.

कोंडाणे: लाकडाची घडण, कातळाचे काम

कर्जतजवळच्या कोंडिवडे गावातून कोंडाणे लेण्यांची पायवाट निघते. राजमाचीच्या पायथ्याच्या दाट रानात, उल्हासच्या उगमाकडच्या घळीत ही लेणी कोरलेली आहेत. कोंडिवड्याहून निघालेली तीच वाट पुढे राजमाचीवर चढते. श्रीवर्धन आणि मनरंजन या राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांवरून बोरघाटाच्या तोंडावर नजर ठेवता येत असे. म्हणजे लेणी खोदली गेली ती वाहत्या वाटेच्या कडेला. पावसाळ्यात व्यापारी आणि भिक्षू दोघांनाही थांबावे लागे. भिक्षूंना निवारा आणि पाणी हवे होते, व्यापाऱ्यांना दानाचे पुण्य आणि सुरक्षित मुक्काम.

लेण्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. मुख्य चैत्यगृह सुमारे २० मीटर खोल आणि ८ मीटर रुंद आहे. आत टोकाला स्तूप, दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांची ओळ आणि वर अर्धगोल छत, अशी त्याची रचना. पुष्कळ खांब आता तुटले आहेत. खालचा भाग ढासळल्यामुळे वरचे छत अधांतरी राहिल्यासारखे दिसते, आणि ते तसे टिकले यातच कातळाची ताकद कळते.

या लेण्याचा दर्शनी भाग जवळ जाऊन नीट पाहण्यासारखा आहे. प्रवेशावर घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी कमान आहे. दोन्ही अंगांना एकावर एक सज्जे, त्यांचे कठडे, कठड्यांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या आणि खालून आधार देणाऱ्या तुळयांची टोके कोरलेली आहेत. दगडाला यांतले काहीच लागत नाही. कातळ आपोआप उभा असतो, त्याला तुळई नको आणि कठड्याला खाचाही नको. कारागिरांना लाकडी इमारतीची सवय होती आणि पवित्र वास्तू म्हणजे काय, याचे चित्र त्यांच्या मनात लाकडातच होते. म्हणून त्यांनी सुताराची प्रत्येक खूण छिन्नीने दगडात उतरवली. सज्ज्यांमधल्या चौकटींत स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. काहींच्या हातात शस्त्र आहे, काही नाचाच्या पवित्र्यात आहेत. केशरचना, फेटे आणि कमरपट्टे यांचे बारकावे अजून मोजता येतात.

दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका भव्य मूर्तीचे मस्तक उरले आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीतला एका ओळीचा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय. त्या काळच्या शिल्पकारांची नावे फारशी उरलेली नाहीत. इथे शिष्याने स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घातले आहे आणि दोन हजारांहून अधिक वर्षांच्या पावसानंतरही दोन्ही वाचता येतात.

बाजूला विहार आहे. खांबांचा मोठा मंडप आणि त्याच्या कडेने भिक्षूंच्या लहान खोल्या, असा त्याचा नकाशा. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारा पाण्याचा पडदा लेण्यांच्या तोंडावर कोसळतो. तो देखावा मोठा असला तरी कोरीव काम पाहायचे तर पाऊस उलगडल्यावर, कार्तिकानंतर जावे.

घाटमाथ्यावर: कार्ले आणि भाजे

कोंडाण्यात दिसलेला प्रयोग पूर्णत्वाला गेला तो घाट चढून वर, इंद्रायणीच्या खोऱ्यात. मळवली स्थानकाच्या एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले आहे. भाजे लेणी जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथल्या चैत्यगृहाच्या छताखाली लाकडी कमानी अजून आहेत. शेजारी चौदा स्तूपांचा समूह आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. आत ३७ खांब आहेत. बाजूच्या खांबांवर हत्तींवर बसलेल्या जोड्या असून छताला मूळच्या सागवानी कमानी आजही लागून आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे लेणे पूर्ण केले आणि जंबुद्वीपातले ते उत्तम शिलागृह असल्याचे शिलालेखात नोंदवले. कामाला हात मात्र अनेकांचे लागले. धेनुकाकट गावच्या एका गंधी व्यापाऱ्याने दाराचा खर्च दिला, त्याच गावच्या सुताराचे नाव दुसऱ्या लेखात येते आणि यवन म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांनी एकेक खांब दिला. दात्यांच्या या यादीत व्यापारी, कारागीर, भिक्षू, भिक्षुणी आणि गृहिणी सगळे आहेत. राजाच्या एका आज्ञेने झालेले हे बांधकाम नाही. वाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वर्गणीतून ते उभे राहिले.

लेण्याच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी आणि इतर किनारी समाजांची ती कुलदेवता. चैत्री यात्रेला त्यांचे जथे समुद्रकाठाहून घाट चढून येतात. व्यापार संपला तरी किनाऱ्याहून या डोंगरावर येण्याचा रिवाज थांबलेला नाही.

नाणेघाट: खिंडीतली राजसभा

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता मुरबाड, टोकावडे, वैशाखरे या गावांवरून माळशेज घाटाकडे जातो. वैशाखऱ्याच्या पुढे, हमरस्त्यालगतच नाणेघाटाची पायवाट सुरू होते. समोर नानाचा अंगठा हा सुळक्यासारखा कडा सतत दिसत राहतो. पहिला टप्पा रानातून हळूहळू चढतो. कड्याजवळ आल्यावर वाट वळणे घेते आणि पायाखाली फरसबंदीचे दगड आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या येतात. सावकाश चढणाऱ्याला दोन ते तीन तास लागतात. या पायऱ्यांची उंची माणसाला थोडी कमी वाटते, ओझ्याच्या जनावराला मात्र ती बेताची आहे.

खिंडीच्या थोडे खाली कातळात कोरलेले दालन आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली ही सातवाहनांची नोंदच म्हणावी लागेल. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या माणसाएवढ्या मूर्ती होत्या. आता मूर्ती उरलेल्या नाहीत. पायांच्या खुणा आणि वरची नावे शिल्लक आहेत. सातवाहन घराण्याचा संस्थापक सिमुक, राणी नागनिका आणि गौतमीपुत्राच्या आधीचा राजा सातकर्णी यांची नावे त्यांत आहेत, तसेच राजकुमारांची आणि महारठी म्हणवणाऱ्या एका सरदाराचेही. भारतात राजघराण्यातल्या प्रत्यक्ष व्यक्तींच्या नावानिशी केलेल्या मूर्तिसमूहांत हा फार जुना नमुना आहे.

डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. पुढे सातकर्णीने केलेल्या यज्ञांची यादी येते. त्यांत अश्वमेध आणि राजसूय आहेत. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणेचा हिशेब दिला आहे: कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कुठे हत्ती, कुठे रुप्याचे घडे, कुठे २४,४०० कार्षापण.

अंकांच्या इतिहासात हा हिशेब मोलाचा आहे. आकडे अक्षरांत न लिहिता चिन्हांनी लिहिल्याचा भारतातला हा सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे. त्यात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले दिसते. भिंतीजवळ उन्हाची तिरीप आली की ही जोडलेली चिन्हे डोळ्यांना ओळखू येतात. पुढे जगभर पसरलेल्या अंकांचा पूर्वज मुरबाड आणि जुन्नरच्या मधल्या एका खिंडीत, जकात गोळा होण्याच्या जागी कोरलेला आहे.

विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. नंतर जेम्स प्रिन्सेप, भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी तो वाचला आणि समजावून दिला. भगवानलाल इंद्रजी यांनीच १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. मार्गाचे समुद्राकडचे आणि डोंगराकडचे टोक एकाच अभ्यासकाच्या कामात जुळले.

दालनापासून वर जाताना वाट दोन कड्यांच्या मधल्या अरुंद फटीतून जाते आणि एकदम घाटमाथ्यावर निघते. तिथे एकाच दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. घाट ओलांडणारा प्रत्येक व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकत असे, असे परंपरा सांगते. वाटेत खोदलेल्या टाक्यांमध्ये पाणी साठत असे. जीवधन, हडसर, चावंड आणि शिवनेरी हे किल्ले माथ्यावरच्या प्रदेशात आहेत आणि घाटावरून जाणाऱ्या मालावर राखण ठेवण्याचे काम त्यांनी पुढच्या शतकांतही केले.

जुन्नर: घाटापलीकडचा मुक्काम

नाणेघाटाने वर आलेला माल जुन्नरला पोहोचे आणि तिथून पैठणकडे निघे. गावाच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती देशात दुसरीकडे क्वचितच सापडतील. मानमोडी, लेण्याद्री, तुळजा आणि शिवनेरी हे त्यांचे मुख्य समूह. तुळजा समूहात गोल आकाराचे चैत्यगृह आहे, खांबांच्या वर्तुळात मधे स्तूप, असे लेणे फार कमी ठिकाणी दिसते. लेण्याद्रीच्या एका विहारात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे आणि अष्टविनायकाचे यात्रेकरू भिक्षूंच्याच जिन्याने तिथे चढतात. इथल्या शिलालेखांतही यवन दात्यांची नावे आढळतात. कल्याणला उतरलेले परदेशी व्यापारी घाट चढून इतके आत आले होते आणि इथे रुजलेही होते.

अंबरनाथ: उत्तरकाळातली भर

सातवाहनांच्या हजार वर्षांनंतर हे खोरे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या हाती होते. स्थानक म्हणजे आजचे ठाणे हे त्यांचे महत्त्वाचे केंद्र. वालधुनी नदीच्या काठी त्यांनी बांधवलेले शिवमंदिर अंबरनाथ पूर्वेला, रेल्वे स्थानकापासून साधारण दोन किलोमीटरवर आहे. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आणि शिलाहार राजा मम्वाणीचे नाव येते. काम छित्तराजाच्या काळात सुरू झाले आणि मम्वाणीच्या काळात पूर्ण झाले, असे अभ्यासक मानतात.

मंदिर भूमिज शैलीत बांधले आहे. पश्चिमेला, उत्तरेला आणि दक्षिणेला मुखमंडप आहेत. मंडपाच्या मधल्या चार खांबांवर पायापासून माथ्यापर्यंत कोरीव काम आहे आणि वर घुमटी छत. गाभाऱ्यात जायला मात्र वर न चढता खाली उतरावे लागते. सुमारे वीस पायऱ्या उतरून जमिनीखाली लिंगाजवळ पोहोचता येते. डोक्यावरचे शिखर अर्धवट असल्याने गाभाऱ्यावर आकाशाचा उजेड सरळ पडतो. दुपारी माथ्यावरून येणाऱ्या उन्हात काळ्या बेसाल्टच्या भिंतींचे टवके आणि सांधे स्पष्ट दिसतात.

बाहेरच्या भिंतीवर कोन पुढे-मागे काढले आहेत, त्यामुळे उन्हाची छाया दर तासाला वेगळी पडते. कोनाड्यांत शिवाची अनेक रूपे आहेत. ब्रह्मा आहे, महिषासुरमर्दिनी आहे. शिखराच्या चारी बाजूंना उभे पट्टे आहेत आणि त्यांवर नालेच्या आकाराच्या लहान कमानींची जाळी विणली आहे. कोंडाण्याच्या दारावरची लाकडी घराची कमान अकराशे वर्षांत आकसून इथे शिखराची वेलबुट्टी झाली आहे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहिली तर हा बदल लक्षात येतो, वेगवेगळी पाहिली तर सुटतो.

मुंबईच्या कलाशाळेने १८६८ मध्ये या मंदिराचे आराखडे आणि शिल्पांचे साचे घेतले. त्या काळचे हे भारतातल्या मंदिराचे एक काटेकोर दस्तऐवजीकरण होते. आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथे पूजाही अखंड चालते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

अँडीजमधला राजमार्ग

डोंगराळ देशात दगडी वाट, पाणी आणि मुक्काम यांची जोडणी कशी होते, याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या इंकांचे आहे. पंधराव्या शतकात कुस्को या ३,४०० मीटर उंचीवरच्या राजधानीतून त्यांनी सुमारे ३०,००० किलोमीटर रस्त्यांचे जाळे चालवले. एकेका दिवसाच्या चालीच्या अंतरावर तांबो म्हणजे मुक्कामाची ठाणी होती, त्यांत धान्याची कोठारे होती आणि निरोप्ये धावत निरोप पोहोचवत. त्यांच्याकडे चाकाची गाडी नव्हती. माल लामांच्या पाठीवरून आणि माणसांच्या पाठीवरून जाई. सुमारे १४५० मध्ये बांधलेल्या माचू पिक्चूला झऱ्याचे पाणी पाऊण किलोमीटर लांबीच्या दगडी पाटाने येते आणि १६ कुंडांतून उतरते. नाणेघाटाची टाकी आणि भाज्यातल्या पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, हेच काम करीत, फक्त झऱ्याऐवजी पावसाच्या पाण्यावर.

साम्य आहे तसा फरकही मोठा आहे. इंकांचे रस्ते सक्तीच्या श्रमावर आणि राज्याच्या हुकमावर उभे राहिले. उल्हासच्या खोऱ्यातल्या लेण्यांना व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने मिळाली. इंकांना लिपी नव्हती, ते हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवत. त्या गाठींतला बराचसा अर्थ आज हरवला आहे. इथे मात्र दार देणारा गंधी, गुरूचे नाव घालणारा शिल्पकार आणि यज्ञांचा हिशेब मांडणारी राणी भिंतीवरून वाचता येते. वयातही फरक आहे. नाणेघाटाचा लेख इंकांच्या राज्यापेक्षा सुमारे पंधराशे वर्षांनी जुना आणि अंबरनाथचे मंदिर माचू पिक्चूपेक्षा चारशे वर्षांनी.

इंकांच्या रस्त्याला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कोलंबियापासून अर्जेंटिनापर्यंत सहा देशांनी मिळून ती मागितली होती आणि ती एका इमारतीला नव्हे, एका सलग मार्गाला मिळाली. सह्याद्रीत कल्याण, कोंडाणे, कार्ले, नाणेघाट आणि जुन्नर यांची नोंद अजून सुट्या स्मारकांसारखीच होते. त्यांना जोडणारी पायवाट कोणत्याही यादीत स्मारक म्हणून नाही. ती जपायची असेल तर आधी एक वाट म्हणून तिच्यावरून चालले पाहिजे आणि तिची माहिती एकत्र मांडली पाहिजे. खोऱ्यातल्या शाळांना इतिहास शिकवण्यासाठी एवढे जवळचे, एवढे संपूर्ण साधन दुसरे नाही.

जाण्याचा क्रम आणि काळजी

सोनिवली किंवा बदलापूरहून निघणाऱ्याने सोपा क्रम धरावा. पहिली फेरी अंबरनाथ आणि कल्याणची खाडी. मंदिर सकाळी लवकर पाहावे, त्या वेळी गर्दी कमी असते. दुसरी फेरी कर्जतमार्गे कोंडाणे. तिसरी लोणावळ्याच्या पुढे मळवलीला उतरून भाजे आणि कार्ले. चौथी मुरबाडमार्गे नाणेघाट, आणि मुक्काम करता आला तर माथ्यावरून जुन्नर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा वाट कोरडी असते आणि उन्हाच्या तिरक्या कोनात कोरीव अक्षरे वाचता येतात. पावसाळ्यात नाणेघाटाच्या फटीतून वर उडणारे धबधबे पाहायला लोटणारी गर्दी आणि निसरडे दगड यांमुळे अपघात होतात. त्या दिवसांत गडाची आणि घाटाची माहिती असलेला जाणकार सोबत असावा.

बेसाल्ट कठीण असला तरी कोरीव पृष्ठभाग नाजूक असतो. खडूने नाव लिहिणे, अक्षरांवर पाणी किंवा तेल ओतून ती उठावदार करणे, मूर्तीच्या आधाराने चढणे यांनी दोन हजार वर्षे टिकलेली रेघ काही वर्षांत पुसट होते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अंबरनाथच्या मंदिराला मात्र बांधकामाइतकाच धोका शेजारच्या वालधुनी नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा आहे. नदी स्वच्छ होणे हा मंदिराच्या संरक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

या पाचसहा स्थळांना एकमेकांशी बांधणारा धागा कागदावर सापडत नाही. तो खोऱ्याच्या उतारात, घाटाच्या पायऱ्यांत आणि शिलालेखांतल्या गावांच्या नावांत आहे. कल्याणहून कातळाकडे आणि कातळावरून जुन्नरकडे गेलेला प्रवासी त्याच क्रमाने जातो, ज्या क्रमाने दोन हजार वर्षांपूर्वी बैलांचा तांडा गेला होता, आणि लेणी, टाकी, खिंड आणि रांजण ही एकाच मार्गाची अंगे असल्याचे त्याला पायांनी कळते.